वेल्स स्ट्रीटवरची हास्यशाळा

शिकागोच्या ‘द सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९५९ रोजी नॉर्थ वेल्स स्ट्रीटवर झाला. त्या जागेत पूर्वी एक चिनी लाँड्री होती. पॉल सिल्स, बर्नार्ड सालिन्स आणि हॉवर्ड आल्क हे संस्थेचे तीन संस्थापक. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात ए. जे. लीबलिंग यांनी शिकागोला दुय्यम शहर ठरवणारी लेखमाला लिहिली होती. तिचेच नाव या मंडळींनी ताठ मानेने आपल्या पाटीवर चढवले. पुढच्या सहा दशकांत ॲलन आर्किन, जॉन बेलुशी, बिल मरे, स्टीफन कोल्बेअर, टीना फे अशी नावे इथून निघाली आणि संस्थेचा इतिहास म्हटला की हीच यादी वाचून दाखवायची प्रथा पडली.

हा इतिहास लिहिताना मी ती यादी बाजूला ठेवली आहे आणि संस्थेच्या वर्गांकडे पाहिले आहे. इथे शिकवतात ते इम्प्रॉव्ह : हातात संहिता नाही, प्रेक्षकांतून आलेल्या एखाद्या शब्दावरून जागच्या जागी प्रवेश उभा करायचा. तमाशातली बतावणी ज्यांनी ऐकली आहे, किंवा ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर कसे बोलत हे ज्यांना आठवते, त्यांना या कलेची चव वेगळी सांगायला नको. अमेरिकेत मात्र ती फी भरून, वर्गात बसून, पायरी-पायरीने शिकली जाते. म्हणून वर्गात कोणाला जागा मिळते यावर पुढे रंगमंचावर, टीव्हीवर आणि चित्रपटांत कोण दिसणार हे बरेचसे ठरते. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या माणसांना हे वर्ग दीर्घकाळ परके का राहिले, कोणत्या धक्क्यांनी ते थोडे थोडे उघडले आणि उघडताना काय राहून गेले, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

सुरुवात संस्थेच्या जन्माआधीच्या काळापासून करावी लागते, कारण तिथे या कलेचे खरे धन आहे.

जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोच्या पश्चिम भागात हॅल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस सुरू केले. परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत सुशिक्षित माणसांनी जाऊन राहायचे आणि शिकवायचे, दवाखाने-पाळणाघरे चालवायची, अशी ती संस्था होती. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू. पुढे मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबेही आली. तिथे नेव्हा बॉइड नावाच्या बाई सामूहिक खेळांतून मुलांना घडवण्याचे शास्त्र शिकवत. १९२०च्या दशकात त्यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन तयार झाल्या. स्पोलिन १९०६ साली शिकागोतच, रशियन ज्यू स्थलांतरितांच्या घरात जन्मल्या. महामंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी रोजगार योजना काढली, तिच्या मनोरंजन विभागात १९३९ ते १९४१ या काळात त्या नाट्यविभागाच्या पर्यवेक्षक होत्या.

त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. समोरच्या मुलांना एकमेकांची भाषा धड येत नाही, इंग्रजी संहिता वाचता येत नाही, शाळेत बोलणी खाऊन खाऊन ती दबून गेलेली आहेत. अशांकडून नाटक कसे करून घ्यायचे? स्पोलिन यांनी पाठांतर सोडले आणि खेळ बांधले. ‘आरसा’ या खेळात दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने ती त्याच क्षणी दाखवायची. थोड्या वेळाने कोण कुणाचे अनुकरण करतो आहे ते बघणाऱ्याला कळू नये. दुसरा खेळ अर्थ नसलेल्या भाषेचा. तोंडाला येतील ते आवाज काढत एकमेकांना काहीतरी समजावून सांगायचे. ज्या मुलाचे इंग्रजी मोडके, त्याच्यावर या खेळात कुणीच वरचढ नसते. तो हाताने, डोळ्यांनी, सुराने बोलतो आणि सगळ्यांना समजतो. शिकवणाऱ्याने ‘छान’ किंवा ‘चुकले’ असा निकाल द्यायचा नाही, यावर स्पोलिन यांचा फार कटाक्ष होता. शाबासकीसाठी आसुसलेला आणि टोमण्याला भ्यालेला माणूस मोकळा खेळू शकत नाही, असे त्या मानत. अभिनय ही मूठभरांना मिळालेली देणगी आहे हेच त्यांना मान्य नव्हते. ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हे त्यांचे पुस्तक १९६३ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढले आणि आजही जगभरचे इम्प्रॉव्हचे शिक्षक त्याच्यावर चालतात.

म्हणजे ही विद्या जन्मली ती शहराच्या उंबऱ्यावर ताटकळणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे ‘गौरेतर लोकांना इम्प्रॉव्हमध्ये आणायचे’ असा विषय निघाला की जणू त्यांना कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून बोलावले जात आहे, असा सूर लागत गेला.

पॉल सिल्स हे स्पोलिन यांचे चिरंजीव. शिकागो विद्यापीठात शिकताना त्यांनी आईचे खेळ मित्रमंडळींत आणले. जुलै १९५५मध्ये डेव्हिड शेफर्ड यांच्यासोबत त्यांनी हाइड पार्कमधल्या एका बारमध्ये ‘कंपास प्लेअर्स’ सुरू केले. माइक निकल्स आणि इलेन मे ही जोडी तिथलीच. चार वर्षांनी सेकंड सिटी उभी राहिली. खेळ तेच राहिले, पण खेळणारे आता विद्यापीठातले वाचलेले-सवरलेले तरुण होते. फ्रॉइड, कीर्केगार्ड, शीतयुद्ध, उपनगरातले संसार यांवरचे त्यांचे विनोद चटपटीत होते. प्रेक्षकही त्यांच्यासारखेच.

संस्था १९६७ साली त्याच रस्त्यावर थोडी पुढे, पायपर्स ॲली या इमारतीत गेली आणि तिथेच स्थिरावली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कॅब्रिनी-ग्रीन ही सरकारी घरांची प्रचंड वसाहत होती. तिथे राहणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि गरीब. ही दोन ठिकाणे काही दशके एकमेकांच्या शेजारी नांदली. नव्वदीच्या मध्यावर ती वसाहत पाडायला सुरुवात झाली आणि २०११पर्यंत तिच्या उंच इमारती नाहीशा झाल्या. शिकागोत वस्त्यांची वाटणी रंगावर किती घट्ट झाली आहे ते तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माहीतच आहे. घर घेताना दलाल काय बोलतो आणि काय बोलत नाही, यावरूनही ते कळते.

१९६६ साली बॉब करी सेकंड सिटीच्या नटसंचात आले. ते तिथले पहिले कृष्णवर्णीय कलावंत. त्यांच्यानंतर बराच काळ मुख्य मंचावर कृष्णवर्णीय चेहरा अपवादानेच दिसला. कुठलाही नियम कृष्णवर्णीयांना अडवत नव्हता. दार बंद नसतानाही माणूस आत का येत नाही, हे समजून घ्यायचे तर या धंद्याची घडी पाहावी लागते.

१९७५ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या संचातली बेलुशी, डॅन एक्रॉइड, गिल्डा रॅडनर ही मंडळी सेकंड सिटीच्या शिकागो आणि टोरांटो शाखांतून गेली. मग देशभरातून मुले शिकागोकडे निघाली. टोरांटोची शाखा चालवणारे अँड्र्यू अलेक्झांडर यांनी भागीदारासह १९८५ साली शिकागोची मूळ संस्थाही विकत घेतली आणि त्याच सुमारास प्रशिक्षण केंद्राची नीट मांडणी झाली. शेल्डन पॅटिन्किन आणि मार्टिन डी माट या दोन शिक्षकांनी त्याचा पाया घातला. नवख्यांसाठी पाच पायऱ्या, एकेक पायरी सुमारे आठ आठवड्यांची. त्यापुढे चाचणी देऊन कॉन्झर्व्हेटरी, मग फिरता संच, मग ‘ई.टी.सी.’ हा दुसरा मंच आणि शेवटी मुख्य मंच. शिकागोत ‘आयओ’, पुढे न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ अशा इतर संस्थांनीही वर्गांची अशीच चढण बांधली.

यात पैसा कुठून येतो ते लक्षात घ्या. इम्प्रॉव्हच्या बहुतेक छोट्या थिएटरांत तिकीट अगदी स्वस्त असते, कारण थिएटर जगते वर्गांच्या फीवर. एकेका पायरीला शेकडो डॉलर. नुसती फी असती तर एक वेळ जमले असते. पण शिकणाऱ्याने आठवड्यातले दोन-तीन प्रयोग बघायचे, आपला एक गट जमवून सरावाची जागा भाड्याने घ्यायची, बाहेरचा शिक्षक पैसे देऊन बोलवायचा, रात्री प्रयोगानंतर बारमध्ये थांबायचे, कारण ओळखी तिथे होतात आणि पुढच्या संचात कुणाला घ्यायचे याची बोलणीही तिथेच चालतात. सेकंड सिटी आपल्या मंचावरच्या नटांना पगार देते. इतर अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे फुकट काम करावे लागे. काही थिएटरांत फी परवडत नसेल तर झाडलोट, तिकीटखिडकी, खुर्च्या लावणे अशी कामे करून त्या बदल्यात वर्ग मिळे. उपकार म्हणून सुरू झालेली ही सोय ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्याच्याच उपयोगाची. शिकागोच्या दक्षिण भागात राहणारी, दिवसा नोकरी करणारी, घरी लहान भाऊ असलेली मुलगी संध्याकाळी बस आणि ‘एल’ ही शहरी रेल्वे बदलत वेल्स स्ट्रीटला येणार, रात्री उशिरा परतणार आणि वर थिएटर झाडणार, हे कसे जमावे?

आणि ती आलीच, तर वर्गात तिच्यासारखी ती एकटी. या एकटेपणाचा त्रास बाहेरच्याला चटकन दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. इम्प्रॉव्हचा पहिला धडा असा की जोडीदाराने जे मांडले ते नाकारायचे नाही. ‘होय’ म्हणायचे आणि त्यात आपली भर घालायची. या एका नियमावर सगळी इमारत उभी आहे आणि तो नियम सुंदर आहे. पण जोडीदाराने पहिल्याच वाक्यात तुम्हाला मोलकरीण केले तर? टोळीतला गुंड केले, दहशतवादी केले, तोंड वेडेवाकडे करून बोलणारा दुकानदार केले तर? गोऱ्या विद्यार्थ्याला त्याच संध्याकाळी डॉक्टर, नवरा, अंतराळवीर, देव असे सगळे होता येते. कृष्णवर्णीय किंवा आशियाई विद्यार्थ्याला तीच तीच भूमिका वाढली जाते, आणि त्याने ती नाकारली की ‘हा नियम मोडतो’ असा शेरा बसतो. शिक्षकाने तिथल्या तिथे प्रवेश थांबवला नाही, तर त्या मुलाला वर्ग काय सांगतो आहे ते त्याला पक्के कळते. पुढच्या आठवड्यात तो येत नाही. हजेरीपुस्तकात फक्त गैरहजेरी दिसते.

संदर्भांचीही तीच गत. वर्गात झटकन हशा मिळतो तो सगळ्यांना ठाऊक असलेल्या मालिका, गाणी, सुट्ट्या, शाळा यांच्या उल्लेखावर. ‘सगळ्यांना ठाऊक’ म्हणजे कुणाला, हे वर्गात बहुमत कुणाचे आहे त्यावर ठरते. लॉस एंजेलिसमध्ये ‘ग्राउंडलिंग्ज’ या संस्थेतून आलेले जॉर्डन ब्लॅक यांनी ‘द ब्लॅक व्हर्जन’ हा गट काढून याला सणसणीत उत्तर दिले. प्रेक्षकांनी एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव द्यायचे आणि या गटाने त्याची कृष्णवर्णीय आवृत्ती जागच्या जागी करून दाखवायची. संदर्भांची दिशा उलटताच तीच कला किती फुलते हे त्यांच्या प्रयोगांत दिसते.

सेकंड सिटीला पहिला मोठा धक्का बसला तो १९९२ साली. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला मारहाण करणारे पोलीस २९ एप्रिलला निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले. अलेक्झांडर त्या वेळी तिथेच होते. शिकागोला परतून ते आपल्या थिएटरात गेले, तर सगळाच्या सगळा गोरा नटसंच या घटनेवर काय बोलावे यासाठी चाचपडत होता. ते त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. ताज्या घटनेवर बोलणे हाच ज्या संस्थेचा धर्म, तिच्याकडे देशातल्या सर्वांत मोठ्या घटनेवर बोलायला माणूसच नव्हता. त्यातून संस्थेचा ‘आउटरीच’ विभाग जन्मला : गौरेतर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या, वस्त्यांत आणि शाळांत जाऊन वर्ग, आणि त्यांतून नवे गट.

१९९३ साली डेट्रॉइटमध्ये शाखा उघडली. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर आणि संस्थेच्या दृष्टीने ही शाखा फार मोलाची ठरली. कीगन-मायकेल की तिथे घडले. पुढे ते शिकागोत आले, तिथे त्यांची गाठ ॲमस्टरडॅमच्या ‘बूम शिकागो’ संचातल्या जॉर्डन पील यांच्याशी पडली, आणि त्या जोडीचा ‘की अँड पील’ कार्यक्रम २०१२ ते २०१५ या काळात टीव्हीवर गाजला. पील यांना ‘गेट आउट’च्या पटकथेसाठी २०१८ साली ऑस्कर मिळाले, मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक. सॅम रिचर्डसन हेही डेट्रॉइट शाखेचेच. अशी माणसे त्या शहरात आधीही असणारच. शाखा तिथे गेली म्हणून ती सापडली.

संस्थेच्या आउटरीचइतकेच महत्त्व मी स्वतंत्र गटांना देतो. किंबहुना जास्तच. लॉस एंजेलिसमध्ये १९८१ सालीच आशियाई वंशाच्या अमेरिकी कलावंतांनी ‘कोल्ड टोफू’ हा गट स्थापन केला होता. शिकागोत १९९५मध्ये ‘स्टर-फ्रायडे नाइट’ सुरू झाला, तोही आशियाई-अमेरिकी कलावंतांचा. डॅनी पुडी तिथे होते, ज्यांचे वडील भारतातले. स्टीव्हन यून तिथे होते, जे पुढे सेकंड सिटीच्या फिरत्या संचात गेले आणि ‘मिनारी’मधल्या भूमिकेसाठी ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनापर्यंत पोहोचले. लॅटिनो कलावंतांचा ‘साल्सेशन’ हा गटही शिकागोतलाच. अशा गटात आलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून बाप, पोलीस, प्रियकर, मूर्ख, संत असे काहीही होता येते, कारण वंश हा तिथे कुणाचाच वेगळेपणा नसतो. एकदा असे मोकळे खेळलेला कलावंत मग कुठल्याही मिश्र वर्गात गेला तरी पटकन खचत नाही. ‘वेगळे गट काढले की फूट पडते’ असे म्हणणाऱ्यांनी ही यादी पाहावी.

पुढच्या काळात सेकंड सिटीत डायोना ग्रिफिन-आयर्न्स यांनी अनेक वर्षे आउटरीच विभागाची धुरा वाहिली. पहिल्या कृष्णवर्णीय कलावंताच्या नावाने ‘बॉब करी फेलोशिप’ सुरू झाली. तिच्यात निवडलेल्या कलावंतांना काही आठवड्यांचे सखोल प्रशिक्षण फी न घेता मिळते आणि शेवटी निर्माते, निवड करणारे लोक यांच्यापुढे प्रयोग होतो. एनबीसी-युनिव्हर्सल या टीव्ही कंपनीचा तिला हातभार लाभला. या फेलोशिपची मला सर्वांत पटणारी बाजू म्हणजे सगळा वर्गच गौरेतर आणि अन्य वंचित समाजांतल्या कलावंतांचा असतो. शिष्यवृत्तीचा एकुलता विद्यार्थी भरलेल्या वर्गात बसवणे निराळे आणि एक आख्खी तुकडी एकत्र वाढवणे निराळे.

टीव्ही कंपन्यांना यात रस का, तेही कळले पाहिजे. २०१३च्या शरद ऋतूत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या संचात एकही कृष्णवर्णीय स्त्री नाही म्हणून जाहीर टीका झाली. तयार मुली मिळत नाहीत, असा सूर त्या कार्यक्रमातूनच निघाल्याने टीका आणखी वाढली. मग खास चाचण्या झाल्या आणि जानेवारी २०१४मध्ये सशीर झमाटा संचात आल्या. त्या ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’मध्ये शिकलेल्या आणि प्रयोग केलेल्या. त्याच सुमारास लेस्ली जोन्स लेखिका म्हणून आल्या आणि काही महिन्यांत त्या पडद्यावर दिसू लागल्या. सेकंड सिटीतून गेलेल्या ॲम्बर रफिन २०१४ साली सेथ मेयर्स यांच्या कार्यक्रमात लेखिका झाल्या. मोठ्या वाहिनीच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात लेखनासाठी घेतलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मुली तयार होत्या, हे काही महिन्यांतच सिद्ध झाले.

पण माणसे मंचावर पोहोचली म्हणजे काम संपले, असे झाले नाही. २०१६ साली ‘ई.टी.सी.’ मंचावर संस्थेच्या इतिहासातला बहुधा सर्वांत विविध संच उभा होता. त्या संचातले अनेक जण एकामागून एक बाहेर पडले. त्यांपैकी एका आशियाई वंशाच्या नटाने ‘शिकागो’ मासिकात लेख लिहून सांगितले की प्रेक्षकांतून येणाऱ्या वंशद्वेषी आणि समलिंगीद्वेषी शेऱ्यांना रोज तोंड देणे असह्य झाले होते. प्रेक्षकांकडून शब्द मागणे हा या कलेचा प्राण. पण दारूच्या टेबलावरून कुणी काहीही ओरडावे आणि नटाने हसून ते झेलावे, ही अपेक्षा सर्वांना सारखी पडत नाही. शिक्षक वर्ग थांबवू शकतो, मंचावरचा नट प्रयोग थांबवू शकत नाही. तिथे व्यवस्थापनाने मध्ये पडावे लागते.

मे २०२०मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मारले गेले. सेकंड सिटीने समाजमाध्यमावर कृष्णवर्णीयांना पाठिंबा जाहीर करताच संस्थेत काम केलेले कृष्णवर्णीय कलावंत बोलू लागले. सापत्नभाव, डावलणे, तक्रार करणाऱ्याला अडचणीचा माणूस ठरवणे, असे वर्षानुवर्षांचे अनुभव त्यांनी जाहीर मांडले आणि खुले पत्र लिहिले. ५ जून २०२० रोजी अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला. वंशभेदाला थारा नसलेली संस्था घडवण्यात आपण अपयशी ठरलो, अशी कबुली त्यांनी दिली आणि आपल्या जागी गौरेतर व्यक्ती येईल असे सांगितले. आउटरीच सुरू करणारा हाच माणूस होता, हे विसरता येत नाही. हेतूबद्दल मला शंका नाही. पण अठ्ठावीस वर्षे वर्गात माणसे आणली गेली, आणि फी किती, शिक्षक कोण, संच कुणाचा, तक्रार कुणी ऐकायची, हे ठरवणाऱ्या खोलीत मात्र ती फारशी पोहोचली नाहीत.

त्याच महिन्यात ‘आयओ’मध्येही कलावंतांनी मागण्यांचे निवेदन काढले; करोनाने उत्पन्न बंद पडलेले ते थिएटर लगेच पैशाच्या कारणाने बंद झाले आणि २०२२ साली नव्या मालकांच्या हाताखाली उघडले. सेकंड सिटीची सूत्रे आधी अँथनी लेब्लाँक यांनी हंगामी म्हणून, नंतर अटलांटाच्या ‘डॅड्स गराज’हून आलेल्या जॉन कार यांनी घेतली. दोघेही कृष्णवर्णीय. फेब्रुवारी २०२१मध्ये झेडएमसी या न्यू यॉर्कच्या गुंतवणूक कंपनीने संस्था विकत घेतली. पुढच्या वर्षी कार बाहेर पडले. मालकी बदलली की आधीच्या वचनांचा वारसा कुणाकडे, हा प्रश्न मला अजूनही भेडसावतो. एक गोष्ट मात्र त्या साथीच्या काळात चांगली घडली : वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले. ज्याला शिकागोत खोली भाड्याने घेणे परवडत नव्हते तो मिसिसिपीतून, टेक्ससमधून शिकू लागला. पडद्यावर जोडीदाराच्या श्वासाची चाहूल लागत नाही हे खरे, पण पहिल्या दोन-तीन पायऱ्या अशा घरबसल्या ठेवल्या तर प्रवासाचा आणि भाड्याचा अडथळा पुष्कळ कमी होतो. ही सोय कायम राहावी असे मला मनापासून वाटते.

या सगळ्या शाखोपशाखांत मला सर्वांत आशादायक वाटते ते काम डेट्रॉइटचे आहे. तिथली सेकंड सिटी शाखा बंद झाली, पण तिचे माजी कलावंत आपल्या शहराला विसरले नाहीत. २०११ साली त्यांनी ‘डेट्रॉइट क्रिएटिव्हिटी प्रोजेक्ट’ सुरू केला. मार्क इव्हान जॅक्सन, कीगन-मायकेल की, सॅम रिचर्डसन अशी माणसे त्याच्या पाठीशी आहेत. शहरातल्या सरकारी शाळांत दहा आठवड्यांचे इम्प्रॉव्हचे वर्ग, मुलांना पूर्ण मोफत. मुलाला कुठे जावे लागत नाही, अर्ज भरावा लागत नाही, आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही. वर्गातली सगळी मुले त्याच्याच गल्लीतली. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी या वर्गांतल्या २६८ मुलांचा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. चारचौघांत बोलायची, तोंड दाखवायची ज्या मुलांना सुरुवातीला धास्ती वाटत होती, त्यांच्यातल्या अनेकांची ती धास्ती वर्ग संपेपर्यंत कमी झाली होती. त्यांतली किती मुले पुढे नट होतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही आणि मांडायचे कारणही नाही. शाळेच्या वेळापत्रकात गणित आणि इतिहास यांच्या शेजारी तो तास लागतो, आणि शिकवायला डेट्रॉइटमध्येच राहून प्रयोग करणारे कलावंत येतात, ज्यांना त्या कामाचे मानधन मिळते.